नंबर नसलेलं पार्सल कुठल्या खणात? ऑप्शनल आणि हॅशची भानगड

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. पोरगं नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आईला आठवड्यातून एकदा फोन करतं अन प्रोग्राम अडला की मला रोज. "मामा, झोपलेत का? एक बघा ना. जावात रिकाम्या ऑप्शनलचा हॅशकोड काढला तर शून्य यायलाय. अन शून्य आकडा टाकलेल्या ऑप्शनलचा काढला तरी शून्यच यायलाय. माझं चुकायलंय का जावाचं?"

कुणाचंच चुकलेलं नाही, झोप आता, असं सांगून फोन ठेवला. मी मात्र जागाच, कारण ह्याच शून्यानं तीन वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात माझा अख्खा आठवडा खाल्ला होता आणि तेव्हा आपल्या भाषेत हे समजावून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून लिहून टाकतोय. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, पार्सल आणलं असेल कधी तर बास. जावा ही प्रोग्राम लिहायची एक भाषा, अन हॅश आणि ऑप्शनल म्हणजे काय ते पुढं सांगतोच.

आमच्याकडं परभणीत बस स्टँडच्या मागं एक कुरियरचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, पण दिवाळीच्या आधी रोज चारपाचशे पार्सलं येऊन पडतात. पूर्वी तिथला पोरगा नाव विचारायचा अन मग ढिगात हात घालून शोधत बसायचा, गिऱ्हाईक उन्हात उभं. मग त्यानं डोकं चालवलं, भिंतीला शंभर खण ठोकून घेतले, ०० पासून ९९ पर्यंत, आणि पार्सल आलं की त्यावरच्या मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे बघायचे अन त्या नंबरच्या खणात टाकायचं. आता तुम्ही गेलात, म्हणालात शेवटचे आकडे ४७, की तो सरळ ४७ च्या खणात हात घालतो, तिथं चारपाच पार्सलं असतात, त्यातलं तुमचं नाव बघून देतो. पाचशेतून शोधायचं काम पाचावर आलं.

हॅश म्हणजे एवढंच. कुठल्याही वस्तूवरून ठरलेल्या रीतीनं काढलेला एक छोटा आकडा, जो सांगतो कुठल्या खणात बघायचं. अन ते खण म्हणजे हॅश टेबल. जावाचा हॅशमॅप, अन पायथन, रस्ट, सी प्लस प्लस ह्या दुसऱ्या भाषांतली पायथनची डिक्शनरी, रस्टचा हॅशमॅप, सी प्लस प्लसचा अनऑर्डर्ड मॅप, सगळ्यांच्या पोटात हीच भिंत आहे, खण कमी पडायला लागले की ते आपोआप जास्तीचे ठोकून घेतात एवढाच फरक. जावाचा हॅशमॅप १६ खणांपासून सुरू होतो आणि पाऊण भरला की दुप्पट करतो.

ह्यात एकच नियम मोडायचा नसतो. दोन वस्तू समान असतील तर त्यांचा हॅश समानच आला पाहिजे. म्हणजे तुमचं पार्सल ठेवताना ४७ अन मागताना ७४ असं झालं तर ते पार्सल असून नसल्यासारखं. पण ह्याचं उलटं खरं असायची सक्ती नाही, हॅश सारखा आला म्हणजे वस्तू सारख्या असं कुणीच म्हणालेलं नाही, ४७ च्या खणात चार जणांची पार्सलं असतातच की. जावात इंग्रजी कॅपिटल ए आणि त्याला चिकटून स्मॉल ए असा शब्द घ्या, अन दुसरा शब्द दोन कॅपिटल बी, दोघांचाही हॅश २११२ येतो. वही घेऊन काढून बघा, पहिल्या अक्षराच्या कोडला ३१ नं गुणायचं अन दुसऱ्याचा कोड मिळवायचा, ६५ गुणिले ३१ अधिक ९७, ६६ गुणिले ३१ अधिक ६६. ह्याला टक्कर म्हणतात, कोलिजन. टक्कर झाली की काम जरा हळू होतं, उत्तर चुकत नाही, कारण शेवटी पोरगा नाव बघूनच पार्सल देतो. हे 'नाव बघून' लक्षात असू द्या, माझा आठवडा तिथंच गेला.

आता ऑप्शनल. हे समजायला मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तक लागत नाही, पर्जन्यमापक पुरतो. सकाळी साडेआठला महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद होते. समजा आज नोंदीत ० मिमी लिहिलंय. म्हणजे कुणीतरी बघितलं, मोजलं, अन पाऊस पडला नव्हता. अन समजा नोंदच आली नाही, यंत्र बंद होतं किंवा रेंज नव्हती. म्हणजे पाऊस पडला का नाही ते माहीतच नाही. पहिल्याला म्हणायचं कोरडा दिवस. दुसऱ्याला म्हणायचं माहिती नाही. तिकडं कदाचित ढगफुटी झालेली असेल. एका दिवसात ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, अन २१ दिवसांचा खंड हा शब्द तर पीक विम्याचं बोलणं निघालं की हमखास येतो, त्यामुळं शून्य अन कोरी जागा ह्यातला फरक इथं पारावरच्या म्हाताऱ्यालाही सांगावा लागत नाही.

जुन्या काळी कॉम्प्युटरात ही कोरी जागा दाखवायला एखादा अशक्य आकडा ठेवायचे. हवामानाच्या आकड्यांच्या फायलींत आजही -९९९ सापडतो, म्हणजे 'इथं नोंद नाही'. सरासरी काढताना तो गाळायचा विसरलात की भर जुलैत तुमच्या मंडळात उणे पाऊस पडतो. म्हणून नव्या भाषांनी वेगळा डबाच दिला. डब्यात एक तर आकडा असेल नाहीतर डबा रिकामा असेल, आणि उघडून बघितल्याशिवाय आकडा वापरताच येत नाही. जावात हा ऑप्शनल २०१४ साली जावा ८ बरोबर आला, सी प्लस प्लसमध्ये २०१७ च्या आवृत्तीत, स्विफ्टमध्ये अन रस्टमध्ये भाषेच्या जन्मापासून आहे, रस्टवाले त्याला ऑप्शन म्हणतात, भरलेला असेल तर 'सम' (इंग्रजीतलं some) अन रिकामा असेल तर 'नन' (none).

तर भाच्याचा प्रश्न असा की, डबा भरलेला असेल तर आतल्या वस्तूचा हॅश काढता येतो, पण डबा रिकामा असेल तर हॅश कशाचा काढायचा? कुरियरच्या भाषेत, पार्सलवर मोबाईल नंबरच नाही, कुठल्या खणात टाकू?

जावानं सांगितलं, ०० च्या खणात टाक. तिथला नियम इतका साधा आहे की दोन वाक्यांत संपतो. भरलेला असेल तर आतल्या वस्तूचा हॅश जसाच्या तसा, रिकामा असेल तर शून्य. सी शार्पमध्ये नलेबल नावाचा डबा आहे, तिथंही हेच. कोटलिनमध्ये नलचा, म्हणजे 'काहीच नाही' चा, हॅश मागितला तरी शून्य. एकूण हा सगळ्यात लोकप्रिय तोडगा. आता जावात पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो आकडाच, ५ चा ५, ० चा ०. त्यामुळं शून्य भरलेला डबा आणि रिकामा डबा एकाच खणात जाऊन बसतात. भाच्याला दिसलं ते हेच.

पहिल्यांदा बघितलं की वाटतं, अरे, मग शून्य सोडून दुसरा आकडा का नाही धरला? मीही असंच म्हणालो होतो. पण जरा हिशोब करा. ३२ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी जागा) पूर्णांक एकूण किती, तर ४,२९,४९,६७,२९६. जावाचा हॅशही ३२ बिटांचाच, म्हणजे खणांच्या पाट्या तेवढ्याच, अन प्रत्येक पाटी आधीच एकेका आकड्यानं अडवून ठेवलेली. रिकामा डबा म्हणजे ह्या सगळ्यांच्या वर आलेला एक जास्तीचा पाहुणा. पंगतीत पाटं तेवढीच अन माणूस एक जास्त, कुणाच्या तरी पाटावर बसावंच लागणार. कुणाच्या, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि इथं दुसऱ्या लोकांनी जरा विचार केलेला दिसतो. सी प्लस प्लसची अधिकृत नियमावली फक्त एवढं म्हणते की डबा भरलेला असेल तर हॅश आतल्या वस्तूचाच आला पाहिजे, रिकाम्याचं काय ते ज्यानं त्यानं ठरवावं. मग जीसीसी नावाच्या कंपायलरबरोबर (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करून देणारा) जी तयार कोडची लायब्ररी येते तिनं रिकाम्यासाठी -३३३३ धरला. सी प्लस प्लसमध्ये हॅश उणे नसतो म्हणून ६४ बिटांवर तो दिसतो १८४४६७४४०७३७०९५४८२८३ असा, पण मुळात लिहिलाय -३३३३. क्लँग ह्या दुसऱ्या कंपायलरवाल्यांच्या लायब्ररीत मात्र सरळ ०. -३३३३ लाही टक्कर होतेच, -३३३३ हाच आकडा कुणी डब्यात भरला तर. पण असा आकडा कोण भरणार? वय, किंमत, पाऊस, मार्क, ह्यातलं काहीच -३३३३ नसतं. शून्य मात्र सगळीकडं असतं, आमच्याकडच्या पावसात तर जास्तच. मला व्यक्तीशः ही -३३३३ वाली युक्ती आवडते, आपण रेल्वेत नवीन माणसाला गर्दीच्या डब्यात न चढवता रिकाम्या डब्यात बसवतो तसं. स्कालात आणखी मजा आहे, तिथं रिकाम्याचं नाव 'नन' अन त्याचा हॅश २४३३८८०, हा आकडा कुठून आला तर त्या नावाच्या चार इंग्रजी अक्षरांचाच हॅश आहे तो, वर सांगितलेली ३१ ची गुणाकाराची रीत लावून.

आता कुणी विचारेल की जावाच्या शून्यामुळं नुकसान किती होतं. नुसता ऑप्शनल किल्ली म्हणून, म्हणजे जिच्या हॅशवरून खण शोधायचा ती वस्तू म्हणून, वापरला तर काहीच नाही. कारण बघा, सगळे रिकामे डबे एकमेकांना समान, त्यामुळं मॅपमध्ये रिकामी किल्ली जास्तीत जास्त एकदाच असते, शून्याची एकदाच, दोघं एका खणात बसले तर बसले. इथं कुरियरची उपमा जरा लंगडी पडते, कारण नंबर नसलेली दहा पार्सलं दहा माणसांची असतात अन ती सगळी एकाच खणात साचतात, ऑप्शनलचं तसं नाही.

खरी गंमत सुरू होते ती डबे एकापेक्षा जास्त झाल्यावर. एका मंडळाचा आठवडा घ्या, सात दिवस, सात डबे, अन सातही मिळून एक किल्ली. कोरडा आठवडा आहे, म्हणजे प्रत्येक दिवशी एक तर ० आहे नाहीतर नोंद नाही. असे वेगवेगळे आठवडे किती होऊ शकतात? दोनाचा सातवा घात, १२८. ह्या १२८ आठवड्यांत एकही एकसारखा नाही, पण जावाच्या रीतीनं सगळ्यांचा हॅश तंतोतंत एकच. प्रत्येक जागेवर शून्यच धरलं जातं, मग ते मोजलेलं असो का नसो. एका खणात १२८ पार्सलं. अन ज्या गावात पाऊसच पडत नाही तिथं हा खण रोजचा.

रस्ट अन स्विफ्ट ह्यांनी ह्याला वेगळं उत्तर दिलंय आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. ते म्हणतात, नंबर बघायच्या आधी पार्सलवर एक चिठ्ठी लाव. नंबर नसेल तर ० ची चिठ्ठी, असेल तर १ ची चिठ्ठी अन तिच्या मागं नंबर. मग हे सगळं मिळून गिरणीत टाक, जे पीठ निघेल तो हॅश. म्हणजे रिकामा डबा गिरणीत जाताना नुसतं '०', शून्य भरलेला डबा जाताना '१, ०'. आत जाणारं धान्यच वेगळं, मग पीठ सारखं निघायची शक्यता नगण्य. स्विफ्ट ही चिठ्ठी १ बाइटची, म्हणजे आठ बिटांची लावतं. रस्ट ६४ बिटांच्या मशीनवर ८ बाइटची लावतं, म्हणजे आतली वस्तू एका बाइटची असली तरी चिठ्ठी तिच्या आठपट, लग्नात आहेर अकरा रुपयांचा अन पाकीट वीसचं तशातला प्रकार, पण चालतंय.

ही गिरणीही वेगळी आहे हं. जावात प्रत्येक वस्तू स्वतःचा तयार आकडा देते अन मग ते आकडे कुणीतरी ३१ नं गुणून एकत्र करतं. रस्ट अन स्विफ्टमध्ये वस्तू आकडा देतच नाही, ती फक्त स्वतःचे बाइट गिरणीत ओतते, दळायचं काम एकाच ठिकाणी. त्यामुळं ओतताना एक पथ्य पाळावं लागतं, कुठं एक वस्तू संपली अन दुसरी सुरू झाली ते ओतलेल्या धान्यावरून कळलं पाहिजे. समजा रिकाम्या डब्यानं काहीच ओतलं नाही, ('नाहीच काही तर ओतू काय' हा विचार पहिल्यांदा कुणाच्याही मनात येतो). मग सकाळी नोंद नाही संध्याकाळी ५ मिमी, ह्याचं गिरणीत जाणार ५. अन सकाळी ५ मिमी संध्याकाळी नोंद नाही, ह्याचंही जाणार ५. झाली गफलत. म्हणून 'काही नाही' हे सुद्धा ओतून सांगावं लागतं. शब्दांचंही तसंच, 'राम' अन 'लाल' हे दोन वेगळे शब्द आहेत का 'रामलाल' हा एक आहे हे कळावं म्हणून रस्ट प्रत्येक शब्दाच्या शेवटी २५५ हा एक बाइट जास्तीचा टाकतं, हा बाइट यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची रीत) कधीच येत नाही म्हणून तो कुंपणासारखा चालतो.

मग सी प्लस प्लसवाल्यांना ही चिठ्ठीची कल्पना सुचली नव्हती का? त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडं ५ भरलेला डबा अन नुसता ५ ह्यांची थेट तुलना करता येते, आणि उत्तर येतं 'समान'. आता वरचा न मोडायचा नियम आठवा, समान असेल तर हॅशही समान. चिठ्ठी लावली की ५ भरलेल्या डब्याचा हॅश नुसत्या ५ पेक्षा वेगळा होणार, आणि मग डब्यांच्या मॅपमध्ये नुसत्या ५ च्या हॅशनं शोधायला गेलात तर समान असूनही सापडायचा नाही. रस्टमध्ये अशी तुलना करायला गेलं की कंपायलर दारातच अडवतो, डबा वेगळा वस्तू वेगळी, त्यामुळं तिथं चिठ्ठी लावायला मोकळीक आहे. म्हणजे हॅशची रीत ही आकाशातून पडत नाही, त्या भाषेनं 'समान' कशाला म्हणायचं हे जे आधी ठरवलं त्याच्या मागंमागं ती येते. जावात मात्र ५ भरलेला ऑप्शनल अन नुसता ५ हे समान नाहीत, तरीही त्यांनी चिठ्ठी लावली नाही. त्यांनी साधं ठेवलं, ऑप्शनल हा मुळात फंक्शनचं उत्तर परत द्यायला बनवलेला, किल्ली म्हणून वापरायला नाही, तर कशाला डोकं लावा.

आता माझ्या आठवड्याचं.

शेतकऱ्यांना पावसाची माहिती देणाऱ्या एका छोट्या कंपनीचं काम मी करत होतो, एकटाच, घरून. पहाटे प्रोग्राम सुरू व्हायचा अन प्रत्येक मंडळाची त्या दिवसाची ओळ तयार करायचा, नोंद अजून आलेली नाही म्हणून पावसाचा डबा रिकामा. मग साडेआठच्या नोंदी जशा येतील तशी ओळ बदलायची, अकरा वाजेपर्यंत सगळं भरायचं. रोज एवढ्या ओळी पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून मी शहाणपणा केला. प्रत्येक ओळीचा हॅश काढून शेजारच्या रकान्यात ठेवला. नवीन ओळ आली की तिचा हॅश काढायचा, जुन्याशी जुळला तर काही बदललेलं नाही, सोडून द्या, नाही जुळला तरच लिहा. जून जुलै झकास चाललं. पाऊस होता, १२.४ आले, ३ आले, हॅश बदलला, ओळ लिहिली गेली.

ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली. दशांशाच्या आकड्यांत ०.० चा हॅशही जावात शून्यच येतो. पहाटेचा रिकामा डबा शून्य, अकराचा ०.० शून्य, मंडळ तेच, तारीख तीच, हॅश तोच, प्रोग्राम म्हणाला काहीच बदललं नाही अन निवांत पुढं गेला. नकाशावर कोरड्या मंडळांना पिवळा रंग यायचा होता, तिथं करडा, म्हणजे माहिती नाही. मी आधी तीन दिवस यंत्रांनाच शिव्या दिल्या. मग जिकडून आकडे यायचे तिकडं रोज फोन, ते म्हणायचे आम्ही तर पाठवलेत साहेब. शेवटी पाथरीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, वयानं मोठे, आवाज एकदम शांत. "पाऊस नाही ते आमाला बी दिसायलंय हो. पण तुमी नाही म्हणून लिवलं तरच नाही धरतेत ना. कोरे दिवस कोन मोजंल?"

त्या रात्री सापडलं. दिसल्यावर दुरुस्ती वीस मिनिटांची होती, लाज मात्र महिनाभर पुरली.

चूक ऑप्शनलची नव्हती, शून्याचीही नव्हती. मी खणाचा नंबर बघून पार्सल देऊन टाकत होतो, नाव बघतच नव्हतो. ४७ चा खण आहे ना, मग तुमचंच असेल, घ्या. रस्ट वापरलं असतं तर हा नेमका घोटाळा दिसला नसता हे खरं, पण कुठंतरी दुसरीकडं दिसला असता, कारण हॅश हा पत्ता आहे, आधार कार्ड नाही. दुरुस्ती करताना मी हॅशचा रकानाच काढून टाकला अन सरळ जुनी किंमत नवी किंमत शेजारी ठेवून तुलना केली. डब्याची डब्याशी तुलना जावा एकदम नीट करतो, रिकामा आणि ०.० हे त्याला वेगळेच दिसतात. ज्यांना खरंच ओळीचा ठसा हवाय, म्हणजे ओळी फार मोठ्या आहेत वगैरे, त्यांनी एसएचए-२५६ सारखी, टक्कर जवळजवळ अशक्य असलेली हॅशची रीत घ्यावी, अन त्यातही 'आहे का नाही' ची चिठ्ठी स्वतः आधी ओतावी, नाहीतर एवढ्या भारी गिरणीतूनही माझ्यासारखंच पीठ निघेल.

आणि हॅश डेटाबेसात साठवणं ही माझी त्याच कामातली दुसरी चूक होती, जी नशिबानं फुटली नाही. जावाचे नियम स्वतःच सांगतात की प्रोग्राम बंद करून परत चालू केला तर हॅश तोच यायला पाहिजे असं काही नाही. आकड्यांचे अन शब्दांचे येतात तेच, म्हणून माझं निभावलं. रस्ट अन स्विफ्ट तर गिरणी मुद्दाम रोज वेगळी लावतात, प्रोग्राम सुरू झाला की एक गुप्त आकडा काढायचा अन तो मिसळून दळायचं. हे उगाच नाही. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत दोघा संशोधकांनी दाखवलं की सगळी टक्कर होणारीच नावं मुद्दाम एकत्र करून वेबसाइटला पाठवली तर साध्या मशीनवरून मोठा सर्व्हर झोपवता येतो, म्हणजे कुरियरवाल्याकडं कुणी मुद्दाम ४७ नंबरचीच दहा हजार पार्सलं पाठवावीत तसं. त्यानंतर २०१२ मध्ये सिपहॅश नावाची रीत आली, ती गुप्त आकडा घेऊन दळते, रस्ट अन स्विफ्ट आजही तिचाच हलका प्रकार वापरतात. पायथननंही ३.३ पासून शब्दांच्या हॅशमध्ये असा आकडा मिसळायला सुरुवात केली.

पायथनचा विषय निघालाच आहे तर तिथली एक वेगळीच भानगड सांगतो. पायथनमध्ये डबा नाही, नुसता 'नन' आहे, रिकाम्याचं नाव. त्याचा हॅश बरीच वर्षं मेमरीत तो जिथं बसलाय त्या जागेवरून निघायचा. आता सुरक्षेसाठी ऑपरेटिंग सिस्टीम दर वेळी ही जागा हलवते, त्यामुळं नुसत्या आकड्यांच्या सेटमध्ये एक नन टाकला तरी सेट छापायचा क्रम आज एक उद्या दुसरा. पोरं डोकं धरून बसायची की माझा प्रोग्राम रोज वेगळं उत्तर का देतोय, अन गुन्हेगार कोण तर 'काहीच नाही'. २०२३ ला आलेल्या ३.१२ मध्ये त्यांनी ननला एक कायमचा ठरावीक आकडा देऊन टाकला अन विषय मिटवला.

कुरियरवाल्या पोराला मी एकदा विचारलं, नंबर नसलेली पार्सलं कुठं ठेवतोस. म्हणाला, आधी ०० मध्येच टाकायचो, पण तिथं ०० वाल्यांची आधीच गर्दी, मग बिस्किटांचा एक रिकामा खोका आणला अन टेबलाखाली ठेवला. खोक्यावर त्यानं मार्करनं काढलंय भलंमोठं प्रश्नचिन्ह. -३३३३ वाले भेटले तर त्यांना हा खोका दाखवायला पाहिजे.

हे एवढं टाइप करून होईपर्यंत सव्वासहा वाजले अन भाच्याचा मेसेज आला. रात्री झोपला नाहीच म्हणजे. "मामा, ऑप्शनलच्या आत ऑप्शनल टाकला. बाहेरचा भरलेला, आतला रिकामा. तरी शून्यच!"

बरोबर आहे म्हटलं, बाहेरचा डबा आतल्याला विचारतो, आतला म्हणतो शून्य, बाहेरचा तेच सांगतो. दहा डबे एकात एक घातलेस तरी शून्यच येणार. जीसीसीवर करून बघ, दहाव्या डब्यातूनही -३३३३ च बाहेर येईल. रस्टमध्ये मात्र प्रत्येक डबा आपली चिठ्ठी लावतो, तुझ्या ह्या डब्याचं गिरणीत जाईल '१, ०', अन बाहेरचाच रिकामा असता तर नुसतं '०'.

दोन मिनिटं काही नाही. मग आलं, "रस्ट इन्स्टॉल करायलोय."

"आधी अंघोळ कर अन कॉलेजला जा," मी लिहिलं. निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही.